सूत कमी नाही, पत्ता चुकलाय

मागच्या महिन्यात बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीतला एक पोरगा पावडरचा डबा काखेत मारून घरी आला. वय २५, उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेब लिहितो. तीन वर्षांपूर्वी त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस निघाला, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात. तोच आजार मला १६ वर्षं आहे, शिवाय पीयू कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे गल्लीत कुणाची पाठ धरली की पहिली चौकशी आमच्या दारात होते. "सर, हे चालू करू काय ओ? पप्पांनी मागवलंय. इंजेक्शन बंद करूया म्हणालेत."

डब्यामागोमाग त्याने मोबाइल पुढे केला. तो मजकूर मला आधीच चार ठिकाणांहून आला होता. भिशीच्या ग्रुपवरून, शाळेच्या बॅचमधून, निपाणीच्या आतेभावाकडून, आणि एका विद्यार्थ्याच्या आईकडून, तिने खाली "खरं काय?" एवढंच लिहिलं होतं. मजकूर थोडक्यात असा:

"मणक्याच्या संधिवाताचं मूळ सापडलं! विदेशी शास्त्रज्ञांनी लाखो लोकांचे जीन्स तपासून सिद्ध केलंय की रक्तातली अमिनो ॲसिड बिघडल्यामुळे हा आजार होतो. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह असेल तर आजार ठरलेलाच, म्हणून घरातल्या सर्वांची तपासणी करा. रक्तातली अमिनो ॲसिड तपासून जे कमी असेल ते पावडरने भरून काढा. नैसर्गिक आहे, अपाय नाही. डाळ-भात बंद करा. महागडी इंजेक्शनं टीबी देतात, ती थांबवा."

यात सरसकट थापा असत्या तर डबा परत पाठवून मी मोकळा झालो असतो. पण लिहिणाऱ्याने कुठेतरी खरं काहीतरी वाचलंय, आणि मग त्याला पावडर विकायची आहे. पाणी घातलेल्या दुधात दूध असतंच की. म्हणून एकेक वाक्य धरून बसावं लागलं. अमिनो ॲसिड म्हणजे प्रथिनांच्या साखळीतल्या कड्या; एचएलए-बी२७ काय ते पुढे येईलच.

"लाखो लोकांचे जीन्स तपासून सिद्ध केलंय." असे अभ्यास खरंच झालेत. त्या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात, आणि ती हुशार पद्धत आहे हे आधीच कबूल करतो. आजारी माणसाच्या रक्तात एखादी गोष्ट कमी दिसली, तर ती कमी होती म्हणून आजार आला की आजार आला म्हणून ती कमी झाली, हा जुना पेच आहे. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाड्यांची रांग लागली की थोड्या वेळाने रेल्वे येते. रोज येते. म्हणून रांगेने रेल्वे ओढून आणली असं कुणी म्हणत नाही. रक्तातल्या अमिनो ॲसिडचं पुष्कळदा असंच असतं. ट्रिप्टोफॅन या अमिनो ॲसिडचंच घ्या. अंगात दाह सुरू झाला की आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि ट्रिप्टोफॅन मोडून त्याचं कायन्युरेनिन करत सुटतं. दाह असलेल्या माणसाच्या रक्तात ट्रिप्टोफॅन कमी आलं तर नवल कसलं? ते खर्ची पडलंय.

या पेचातून वाट काढायला जनुकं उपयोगी पडतात. आईबापांकडून कुठला जनुक यायचा याची सोडत गर्भ राहतानाच निघते. पुढे तो माणूस आजारी पडो न पडो, जोंधळ्याची भाकरी खावो की पाव, ती चिठ्ठी बदलत नाही. मग ज्यांच्या वाट्याला एखादं अमिनो ॲसिड जन्मभर किंचित जास्त ठेवणारा जनुक आला, त्यांच्यात हा आजार कमी दिसतो, जास्त दिसतो की फरकच नाही, हे मोजता येतं. सीआरपीचा निकाल असाच लागला. आम्ही लोक दर तीन महिन्यांनी हात पुढे करून जी तपासणी करून घेतो, तीच सीआरपी, अंगातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन. ती जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त, म्हणून तीच गुन्हेगार असा संशय बरीच वर्षं होता. २०११ मध्ये जनुकांवरून ताडून पाहिलं, तर सीआरपी जन्मापासून जास्त ठेवणारे जनुक असलेल्यांना हृदयविकार काही जास्त होत नव्हता. बिचारी गेटवरच्या रांगेतली निघाली.

तर पद्धतीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिच्यावरून "पावडर घ्या" इथपर्यंत मारलेल्या उडीशी. एकेका जनुकाने रक्तातली पातळी हलते ती चिमूटभर, पण जन्मल्यापासून. पंचविशीतल्या पोराने सहा महिने चमचाभर पावडर खाल्ली की तोच परिणाम होईल, असं त्या अभ्यासांत कुणी म्हणत नाही. शिवाय एकच जनुक दहा ठिकाणी राबत असतो. जीसीकेआर म्हणून एक जनुक आहे. यकृतात साखरेच्या कामाला लागलेल्या विकराला लगाम घालणारं प्रथिन तो बनवतो. त्याच्या एका प्रकाराने अलानिन या अमिनो ॲसिडची पातळी बदलते, पण त्याच वेळी ट्रायग्लिसराइड, साखर, युरिक ॲसिड आणि वर म्हटलेली सीआरपीसुद्धा हलते. आता या जनुकाचा एखाद्या आजाराशी संबंध दिसला, तर नाव अलानिनचं घ्यायचं की बाकीच्यांपैकी कुणाचं? आणि योगायोगाचं काय? २० अमिनो ॲसिडं ओळीने तपासली, आणि शंभरात पाच वेळा उगाचच दिसेल इतपत संबंधही खरा मानायचा ठरवला, तर काही नसतानाही एखादं हाताला लागतंच. म्हणून जाणते संशोधक ही चाळणी बारीक करतात. मजकूर पुढे ढकलणाऱ्याच्या हातात चाळणीच नसते.

रक्त कुणाचं होतं हेही विचारायला हवं. असल्या अभ्यासांत वारंवार वापरला जाणारा एक मोठा साठा ब्रिटनचा आहे, यूके बायोबँक. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे पाच लाख माणसांनी त्यात नाव नोंदवलं. त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त गोरे. त्यांचं रक्त ज्या यंत्रावर मोजलं, त्याच्या यादीत अमिनो ॲसिडं नऊ आहेत. वर ज्याची एवढी कथा सांगितली ते ट्रिप्टोफॅन त्या नवांत नाहीच. आणि खानापूर, हुक्केरी, चिक्कोडीकडचा माणूस त्या पाच लाखांत शोधायला जाऊ नये.

आपण सीमाभागातली माणसं १९५६ पासून पुराव्यांच्या फायली सांभाळतोय. कुठला कागद म्हणजे निकाल आणि कुठला नुसता अर्ज, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हे अभ्यास म्हणजे नीट लिहिलेले अर्ज आहेत.

अर्ज कितीही भक्कम असला तरी निकाल उलटा लागू शकतो, याचा दाखला याच आजारात आहे. २००७ मध्ये आयएल२३आर या जनुकाचा मणक्याच्या संधिवाताशी पक्का संबंध सापडला. पुढे तो वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला. अमिनो ॲसिडच्या अभ्यासांपेक्षा कितीतरी मजबूत बाजू. आयएल-२३ हे पेशींना दाहाचा निरोप देणारं प्रथिन, आणि हा जनुक तो निरोप घेणारं प्रथिन बनवतो. सोरायसिस या त्वचेच्या आजारावर आयएल-२३ अडवणारी औषधं उत्तम चालत होती. मग तीच मणक्याला लागू पडतील हा हिशेब सरळ होता. २०१८-१९ च्या सुमारास चाचण्यांचे निकाल आले, आणि मणक्याच्या दुखण्यावर ती औषधं फोल ठरली. त्याच वाटेवर पुढे असलेल्या आयएल-१७ ला अडवणारी औषधं मात्र चालतात. जनुकाने गल्ली बरोबर दाखवली होती, घर चुकलं. इतक्या भक्कम संबंधाची ही गत, आणि आपण डब्यावर पैसे लावायचे?

अमिनो ॲसिडचा या आजाराशी काही संबंधच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आहे, आणि त्या मजकुरातल्यापेक्षा तो फार रंजक आहे. तो सांगायला मला आमच्या मागावर जावं लागेल.

माझे वडील साड्या विणायचे. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी उतरवणारं यंत्र, आणि त्यातून फिरणारी पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ. पत्त्यांना भोकं. भोक असेल तिथला ताणा, म्हणजे उभा धागा, वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि तसा काठावर मोर उतरतो. एकदा मोराची चोच तुटकी यायला लागली. प्रत्येक मोराची, हातभर अंतरावर पुन्हा तीच. मी सहावी-सातवीत असेन. मला वाटलं जरीचा धागा संपत आलाय, म्हणून मी नवीन कांडी घेऊन धावलो. वडिलांनी काठावरून नख फिरवलं, माग थांबवला, माळेतला एक पत्ता उजेडाकडे धरला आणि नको तिथे पडलेलं भोक कागदाची चकती खळीने चिकटवून बुजवलं. म्हणाले, "सूत कमी नाही रे, पत्ता चुकलाय."

एचएलए-बी२७ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आहे. पेशीच्या आत काय चाललंय याचा नमुना, साधारण नऊ अमिनो ॲसिडचा छोटा तुकडा, खोबणीत धरून ते बाहेर दाखवतं आणि पहारेकरी पेशी तो नमुना तपासतात. बी२७ च्या खोबणीत एक खिसा असा आहे की तुकड्यातलं दुसरं अमिनो ॲसिड आर्जिनिन असलं की तो चपखल बसतो. तुकडे मापात कापायचं काम ईआरएपी१ नावाच्या विकराचं. एका टोकाकडून एकेक अमिनो ॲसिड छाटत ते लांबी जुळवतं. त्याचा जनुकही या आजाराशी जोडलेला आहे, आणि तो संबंध मुख्यतः बी२७ असलेल्यांतच दिसतो, हे २०११ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे कात्री आणि खोबण एकाच भानगडीत आहेत. आता पत्त्याची गोष्ट. बी२७ चेही प्रकार असतात. २७:०५ हा प्रकार आजाराशी घट्ट जोडलेला. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २७:०९ सापडतो, आणि तो असलेल्यांत हा आजार फार क्वचित. दोघांत फरक किती? शेकडो अमिनो ॲसिडांच्या साखळीत ११६ व्या जागी एका अमिनो ॲसिडचा. ०५ मध्ये तिथे ॲस्पार्टिक ॲसिड, ०९ मध्ये हिस्टिडिन. बाकी साखळी तीच.

हे हिस्टिडिन पत्त्यातलं आहे. डबाभर हिस्टिडिन खाल्लं म्हणून ०५ चा ०९ होत नाही. मी पोराला एवढं सांगितलं तेव्हा तो हसला. त्याचे आजोबाही विणकरच.

"बी२७ पॉझिटिव्ह म्हणजे आजार ठरलेलाच." या वाक्याने पावडरपेक्षा जास्त नुकसान केलंय. १९७३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांना या आजाराच्या ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत बी२७ सापडला आणि तुलनेच्या ७५ जणांत फक्त तिघांत. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या गटालाही तेच दिसलं. एवढा ठसठशीत संबंध वैद्यकात क्वचित मिळतो. पण लोक तो उलटा वाचतात. बेळगावात कुंदा करणाऱ्या प्रत्येक घरात दूध असतं. दूध घेणाऱ्या प्रत्येक घरात कुंदा होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे आठ जण बी२७ घेऊन फिरतात, आणि त्या बी२७ वाल्यांपैकी शंभरात पाचेक जणांनाच हा आजार गाठतो. आपल्याकडे सामान्य लोकांत बी२७ त्याहून कमी आढळतो. सख्ख्या नात्यात कुणाला आजार असेल तर धोका वाढतो, हे खरं. तरीही बी२७ असलेली बहुतेक भावंडं निरोगीच राहतात. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही अशी उदाहरणं आहेत. बी२७ आणि ईआरएपी१ सोडून इतरही अनेक जनुकं यात हात घालतात, आतड्यातले जंतूही काही खेळ करत असावेत असा दाट संशय आहे.

माझ्या ओळखीतल्या एका घरात थोरल्याला हा आजार निघाल्यावर धाकटीचीही तपासणी करून घेतली. तिची पाठ कधी दुखली नव्हती. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, कुणीतरी तो पाहुण्यांच्या कानावर घातला, आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. त्या पोरीला आजही काही झालेलं नाही. निरोगी माणसाचा बी२७ पॉझिटिव्ह आला तर त्यावर द्यायचं औषध नाही, करायचा उपाय नाही. मग तो कागद घरात आणायचा कशाला?

त्यापेक्षा पाठ कशी दुखते याकडे लक्ष द्या, कारण वेळ तिथे जातो. दुखणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला जगभरात सरासरी सहा-सात वर्षं लागतात. माझी पाच गेली. मला एका डॉक्टरांनी गादी सरकली म्हणून कमरेचा पट्टा आणि सक्तीची विश्रांती दिली होती. मी आज्ञाधारक, पडून राहिलो, आणि अधिकच आखडत गेलो. हेच तर लक्षण होतं. गादी सरकलेल्याला सहसा पडल्यावर आराम पडतो, आमच्या आजारात पडून राहिलं की दुखणं वाढतं आणि हातपाय हलवले की सुटतं. पहाटे तीन-चारला कमरेखालची कळ उठवते. सकाळी अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखं. वय चाळिशीच्या आतलं, दुखणं तीन महिन्यांहून जुनं, अधूनमधून डोळा लाल होऊन उजेड सोसवेनासा होणं. असं असेल तर हाडाच्या डॉक्टरांच्या जोडीला संधिवाततज्ज्ञ गाठा. इथे जमत नसेल तर आपण मिरज-कोल्हापूर गाठतोच की एरवी. आणि स्पॉन्डिलोसिस हा शब्द ऐकून फसू नका. ती वयाने येणारी झीज. आमचा तो स्पॉन्डिलायटिस.

माझं निदान करणाऱ्या बाईंनी पहिल्या भेटीत शिंप्याची टेप काढली. कमरेच्या खाली बॉलपेनने एक खूण, तिच्यावर १० सेंटिमीटरवर दुसरी. मग म्हणाल्या, गुडघे न वाकवता खाली वाका. निरोगी पाठीत ते अंतर ताणून १५ च्या आसपास जातं. माझं साडेअकराला थांबलं. नंतर एमआरआय झाला, बी२७ ही झाला, पण निकाल मला त्या टेपवरच कळला होता.

"रक्तातली अमिनो ॲसिड तपासा, कमी ते भरून काढा." अमिनो ॲसिडची रक्ततपासणी असते, पण ती मुख्यतः जन्मजात चयापचय-दोष असलेल्या बाळांसाठी. धडधाकट माणसात हे आकडे जेवणागणिक हलतात. दुपारी आमटी ओरपून गेलात तर एक, उपाशी गेलात तर दुसरं. मणक्याच्या संधिवाताचं निदान किंवा उपचार या तपासणीवर कुठलंच शहाणं मार्गदर्शन ठरवत नाही.

आणि "कमी ते भरून काढा" हा प्रयोग करून झालाय, पन्नासेक वर्षांपूर्वी. आमच्या आजाराच्या चुलतभावावर, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर. त्या रुग्णांच्या रक्तात हिस्टिडिन कमी असतं हे दिसलं होतं, म्हणून काहींना हिस्टिडिन आणि काहींना तसंच दिसणारं निर्गुण औषध देऊन, कुणाला काय दिलं ते डॉक्टर-रुग्ण दोघांनाही न कळू देता, चाचणी घेतली. १९७७ मध्ये निकाल छापून आला. एकंदरीत हिस्टिडिन घेणाऱ्यांना उल्लेखनीय फायदा नव्हता. आज कुणी ऱ्हुमॅटॉइडला हिस्टिडिन देत नाही.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही" याला उत्तर १९८९ चं अमेरिका. झोपेसाठी, मूडसाठी लोक दुकानातून ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या आणून खायचे. अचानक स्नायूंत असह्य वेदना आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा पूर असा आजार पसरला. १५०० हून जास्त माणसं आजारी पडली, तिसाहून जास्त गेली. माग काढत गेल्यावर एका उत्पादकाच्या ट्रिप्टोफॅनमधल्या भेसळ अंशांवर बोट ठेवलं गेलं. अमिनो ॲसिड नैसर्गिकच होतं. कारखाना नैसर्गिक नसतो.

पोराच्या डब्यावर पुढे चकचकीत अक्षरांत ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन आणि आणखी सहा-सात नावं. मागे फिरवला. कुठलं किती याचा पत्ता नाही, सगळ्यांचं मिळून एक वजन आणि "प्रोप्रायटरी ब्लेंड". मग बारकोडच्या वर, भिंग लागेल अशा टायपात: नॉट फॉर मेडिसिनल यूज. औषधी वापरासाठी नाही. मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. कंपनी स्वतः जे छापते ते तरी खरं मानायला हरकत नसावी.

डाळ-भाताचं लवकर आटपतो. डाळ बंद करायचा सल्ला गाउट या वेगळ्या संधिवाताचा आहे, तिथे तो युरिक ॲसिडच्या नावाने फिरतो, आणि तिथेही डाळींवरचा आरोप तितकासा टिकत नाही. युरिक ॲसिड आणि अमिनो ॲसिड यांच्यात 'ॲसिड' हा शब्द सोडला तर दोघांचं गोत्र वेगळं. आपल्याकडे सांधा दुखला की युरिक ॲसिड तपासायची इतकी सवय झालीय की ॲसिड म्हटलं की लोक आमटी बाजूला सारतात. भात बंद करण्यामागे एक जुनी कल्पना आहे. क्लेबसिएला नावाच्या जंतूच्या एका प्रथिनात आणि बी२७ मध्ये सलग सहा अमिनो ॲसिडं सारखी आहेत, हे १९८७ मध्ये दिसलं. स्टार्च कमी खाल्लं की तो जंतू उपाशी मरेल असा त्यावरचा तर्क. तर्क ऐकायला छान आहे, चांगल्या चाचण्यांनी तो उचलून धरलेला नाही. आता विनोद बघा. तांदळात लायसिन हे अमिनो ॲसिड कमी, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. म्हणजे अमिनो ॲसिड कमी पडतात म्हणून पावडर घ्यायची, आणि ती पुरी करणारा आमटी-भात ताटातून काढायचा! येळ्ळूरचा बासमती पिकवणाऱ्या भागात हा सल्ला फिरतोय.

उरलं इंजेक्शन, आणि इथे मजकुरातलं अर्धं वाक्य खरं आहे. टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन अडवणारी इंजेक्शनं शरीरात झोपलेला टीबी जागा करू शकतात. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, तेव्हा ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीच. पण म्हणून तर इंजेक्शन सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्तावरची टीबीची तपासणी करतात. झोपलेला टीबी निघाला तर आधी त्याचं औषध सुरू करायचं, मग साधारण महिन्याने इंजेक्शन. तुमच्या डॉक्टरांनी हे न करताच सुई टोचली असेल तर जरूर जाब विचारा. मध्येच ताप, वजन उतरणं, न थांबणारा खोकला झाला तर पुढचा डोस थांबवून आधी दाखवा. पण मजकूर वाचून आपल्या आपण बंद करणं ही निराळी गोष्ट झाली.

ती सुरू का करतात हेही सांगितलं पाहिजे. सगळ्यांना लागत नाहीतच. आधी व्यायाम आणि वेदनाशामक दाहविरोधी गोळ्या; पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं, फक्त मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करायची. पोटातून स्टिरॉइड घेत राहणं या आजारात बसत नाही, हे मात्र लक्षात ठेवा, कारण पुडीतून ते कुणीही देतो. गोळ्यांनी भागलं नाही की इंजेक्शनं. २००२ मध्ये जर्मनीत ७० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाची चाचणी झाली. १२ आठवड्यांनी आजाराची तीव्रता निम्म्यावर आलेले औषधाच्या गटात शंभरात ५३ होते आणि निर्गुण औषधाच्या गटात शंभरात ९. पावडरच्या बाजूने असा एक आकडा कुणी दाखवावा, मी डबा स्वतः विकत घेईन.

पोराला जे इंजेक्शन चालू आहे ते ॲडॅलिमुमॅब, तेही टीएनएफ अडवणारंच. ते स्वतःच एक प्रथिन आहे, १३३० अमिनो ॲसिडांचं. पोटात घेतलं तर आपलं पोट त्याची आमटी करून टाकेल, म्हणून सुईने द्यायचं; २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणून तो खडेबाजाराकडच्या दुकानातून बर्फाच्या थर्मोकोल पेटीत, मांडीवर धरून आणतो. "पप्पांना सांग," मी म्हटलं, "अमिनो ॲसिडच घेतोय. मापात कापून, ओळीने लावलेली."

एक डोस तोपर्यंत चुकलाच होता. चौथ्या दिवशी त्याच्या आईने सांगितलं, पहाटे उठून गच्चीत फेऱ्या मारतोय परत. डॉक्टरांशी बोलून त्याने इंजेक्शन पुन्हा चालू केलं. डबा अजून माझ्या टेबलावर पडून आहे. त्याच्या पप्पांना पैसे परत हवेत, आणि विकणारा फोन उचलत नाही.